शिंगराची पहिली रात्र

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये घोडे सांभाळणाऱ्यांशी ओळख झाली आणि माझं एक मत पक्कं झालं: आजारी शिंगरू वाचतं ते आधी जागरणानं, मग औषधानं.

इथून सुमारे ७० किलोमीटरवरच्या कुणिगलला टिपू सुलतानाच्या काळापासून घोड्यांची पैदास होत आली आहे. घोडी बहुधा रात्रीच विते. शिंगरानं तासाभरात उभं राहावं, दोन तासांत आचळाला लागावं. रोगांशी लढायची ताकद त्याला आईच्या पोटात मिळत नाही. ती चिकातून मिळते, तीही पहिल्या दिवसातच. ही वेळ हुकली तर जंतू रक्तात शिरतात. मग प्लाझ्मा, सलाईन, नळीनं दूध आणि दर दोन तासांनी कूस बदलणं.

रात्रभर हे करतो कोण? मोतद्दार. शर्यत जिंकली की फोटो मात्र मालकाचा आणि जॉकीचा.

पहाऱ्यावरचा जवान धोका दिसताच आख्खी चौकी उठवतो, परवानगी मागत बसत नाही. शिंगरू दूध ओढत नाही असं दिसलं, तर रात्री दोन वाजता डॉक्टरला उठवायचा तोच अधिकार मोतद्दाराला हवा.