माशाच्या डोळ्यांनी माशी बघा

मासा आणि माशी या दोन शब्दांत आपल्या मराठीत जेमतेम एका अक्षराचं अंतर. पण पकडायचा मासा ट्राउट असेल आणि माशी दोरा-पिसांची बनवलेली असेल, तर या एवढ्याशा अंतरावर माणसं शंभर-सव्वाशे वर्षं भांडत आली आहेत. हे भांडण मला फार आवडतं. वाचून झाल्यावर तुम्हालाही ते आपल्या होस्टेलचंच वाटेल, अशी आशा आहे.

आधी माझी फजिती सांगतो. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात आम्ही चौघे हिमाचलात तीर्थन खोऱ्यात गेलो होतो. तिथल्या नदीत ब्राउन ट्राउट आहे. हा मासा मूळचा आपल्याकडचा नाही. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास तो काश्मीरमध्ये आणला आणि तिथून पुढे हिमाचलात नेला. त्याला थंड, वाहतं, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं, म्हणून आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत तो दिसत नाही. मी निघतानाच दिल्लीच्या एका दुकानातून सहा कृत्रिम माश्या घेतल्या होत्या. काय देखण्या होत्या! पारदर्शक पंख, पिवळं पोट, टाचणीच्या टोकाएवढे डोळेसुद्धा. मत्स्य विभागाचा परवाना काढून सकाळपासून दुपारपर्यंत त्या पाण्यात नाचवल्या. एकही मासा फिरकला नाही. शेवटी गेस्टहाउसच्या काकांनी माझी डबी उघडून बघितली आणि शांतपणे विचारलं, "बेटा, ये मछली के लिए है या तुम्हारे लिए?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख.

कृत्रिम माशी म्हणजे गळाच्या आकड्यावर दोरा, पीस, लोकर किंवा केस गुंडाळून केलेलं किड्याचं सोंग. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या 200 च्या आसपास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे, की ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि ठिपक्यांचे मासे पकडतात. लाल लोकर आणि दोन पिसं, एवढ्यावर काम भागत होतं!

मग एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हॅलफर्ड आले. हॅम्पशायरच्या चुनखडीच्या नद्या संथ आणि काचेसारख्या स्वच्छ. तिथे बसून त्यांनी किड्यांचा अभ्यास केला आणि 1886 साली तरंगणाऱ्या माश्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांचा आग्रह असा, की पाण्यावर जो किडा असेल त्याची हुबेहूब नक्कल हवी, आणि ती पाण्यावर तरंगायलाच हवी. त्यांच्या अनुयायांनी याचा जवळजवळ धर्म करून टाकला. त्याला टक्कर दिली ती स्क्यूज नावाच्या वकिलाने. त्यांनी माशाच्या पोटात काय सापडतं ते बघितलं. ट्राउट बराचसा चारा पाण्याखालीच खातो, कारण किड्यांच्या अळ्या तिथेच वाढतात. मग माशी पाण्याखाली का नको? 1910 साली त्यांनी हे पुस्तकात मांडलं, आणि 1938 साली, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, लंडनच्या क्लबात त्यांना त्याचा जाब द्यावा लागला. एका माशीपायी!

माझं मत विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर होते. खरा प्रश्न "माशी किड्यासारखी दिसते का?" हा नाहीच. "कोणाला दिसते?" हा आहे.

इथे बारावीचं फिजिक्स काढा. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणून क्रिटिकल अँगल साधारण 48.6 अंश. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या शंकूतून, एका गोल खिडकीतून दिसतं. मासा 30 सेंमी खोल असेल तर त्या खिडकीचा व्यास 70 सेंमीच्याही आतच भरतो. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसा. त्यात नदीचा तळ दिसतो, आकाश नाही. आता वाहत येणारी माशी आधी या आरशात येते. तिथे माशाला तिचे पंख, डोळे काही दिसत नाहीत. दिसतात ते फक्त पाय टेकल्यामुळे पाण्याच्या पातळ पापुद्र्यात पडलेले खळगे, आरशातल्या प्रकाशाच्या ठिपक्यांसारखे. म्हणून कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस गोल गुंडाळतात. ते आपल्याला ब्रशसारखं ओबडधोबड दिसतं, पण खालून किड्याच्या पायांचं काम चोख करतं. माशी खिडकीत आली तरी मासा तिला उजळ आकाशासमोर बघतो. त्यामुळे रंगापेक्षा आकार आणि आकृती जास्त ठळक. माझ्या माशीचे ते टाचणीएवढे डोळे फक्त दुकानाच्या काचेतून दिसणार होते.

दुसरी गोष्ट वागणुकीची. खरा किडा प्रवाहाबरोबर वाहतो. आपल्या माशीला दोरी बांधलेली असते. मधल्या वेगवान धारेने दोरी ओढली की माशी पाण्यावर रेघ ओढत पळते. प्रवाहाच्या वेगाशी न जुळणारा किडा माशाने क्वचितच बघितलेला असतो. तो पाठ फिरवतो. मग माशी कितीही हुबेहूब असो, व्यर्थ. काकांनी मला दिवसभर एवढंच शिकवलं: दोरी सैल टाक, प्रवाह तिला ओढायच्या आत उचलून वरच्या बाजूला ठेव. आणि माझी एक सुंदर माशी घेऊन त्यांनी कात्रीने तिचे पंखच कापून टाकले. जीव कळवळला. पण त्याच माशीवर संध्याकाळी एक छोटा ट्राउट लागला. आम्ही तो ओल्या हाताने सोडून दिला.

म्हणून माझा क्रम असा: आधी माशी ओढली न जाता वाहणं, मग ती योग्य थरात असणं, मग साइज, मग आकृती, आणि सगळ्यात शेवटी रंग. पुरावा हवा? इंग्लंडच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची प्रसिद्ध अळी फक्त दोन वस्तूंची आहे, फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार. तारेनेच पीस बांधायचं, तारेनेच वजन द्यायचं. एक पार्ट, दोन कामं! पाय तर नाहीतच, कारण पोहणारी अळी पाय अंगाशी घेते हे त्यांनी बघून ठेवलं होतं. किंवा अमेरिकेत मिशिगनमध्ये 1922 साली लेन हॅलाडे यांनी बांधलेली करडी 'अ‍ॅडम्स' घ्या. ती कुठल्याच एका किड्याची नक्कल नाही, आणि आजही लोक ती आवर्जून डबीत ठेवतात. टिनबर्गन या शास्त्रज्ञाने स्टिकलबॅक माशांवर प्रयोग केले, तेव्हा लाल पोटाच्या ओबडधोबड ठोकळ्यावर नर मासे तुटून पडले, पण लाल रंग नसलेल्या हुबेहूब माशाकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. प्राण्याला सगळं दिसत नाही. त्याला खूण दिसते.

कोणी म्हणेल, मग हॅलफर्ड मूर्ख होते का? मुळीच नाही. संथ, स्वच्छ पाण्यात माशाला माशी न्याहाळायला वेळ मिळतो. तिथे साइज एका नंबरने चुकला तरी तो नाकारतो. तीर्थनसारख्या उसळत्या पाण्यात त्याला क्षणभरात ठरवावं लागतं, नाहीतर घास गेला. हॅलफर्ड त्यांच्या नदीपुरते बरोबर होते. चूक झाली ती एका नदीचा नियम सगळ्या नद्यांना लावण्यात.

आता जरा आपल्या नदीकडे येऊ. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने मेससाठी कांदा कापायचं मशीन केलं. पावडर कोटिंग, डिजिटल डिस्प्ले, सगळं झकास. एक्स्टर्नल सर खूश, मार्क उत्तम. मेसच्या मावशींनी ते दोन दिवस वापरलं आणि कपाटावर ठेवून दिलं. म्हणाल्या, "पोरांनो, कापायला पाच मिनिटं नि धुवायला अर्धा तास." मला तेव्हा राग आला होता. तीर्थनच्या काठावर मात्र तो उतरला. आम्ही मावशींना पाच महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं की कांदा कापताना त्यांचा वेळ नक्की कुठे जातो. आम्ही एक्स्टर्नलसाठी माशी बांधली होती. टाचणीएवढ्या डोळ्यांसकट.

सुंदर वस्तू करू नका, असं माझं म्हणणं नाही. पण स्टाफला आणि ज्युनियर मंडळींना एक विनंती आहे. प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला सर्किट डायग्राम विचारण्याआधी "हे वापरणार कोण, आणि तुम्ही त्याच्या शेजारी किती वेळ बसलात?" हा प्रश्न विचारा. स्क्यूजनी निदान माशाचं पोट तरी उघडून बघितलं होतं. आपल्याला तर नुसतं मेसच्या मागच्या दारापर्यंत चालत जायचं आहे.

आमचं मशीन अजून कपाटावरच आहे. या सत्रात ते खाली काढून, डिस्प्ले उखडून, धुता येईल असं करायचं ठरवलंय. कात्री घेऊन कोणी येणार असेल, तर स्वागत आहे.