बारामतीचा एआय ऊस आणि बीएस्सीचं गणित

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा एआय ऊस तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्य नडेला यांनी त्याचा व्हिडिओ शेअर केला, इलॉन मस्कनेही दाद दिली. पण सॅटेलाइटला पीक कसं आहे ते कळतं कसं?

यातलं सगळ्यात ओळखीचं सूत्र म्हणजे एनडीव्हीआय. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड परत फेकतं. म्हणून इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. इन्फ्रारेड ०.५०, लाल ०.०५ असेल तर उत्तर ०.८२, ऊस जोमात. ०.३० आणि ०.१५ असेल तर ०.३३, म्हणजे त्या कोपऱ्यात जाऊन बघा.

भागायचं कशाला? खरी गंमत इथेच आहे. समजा उजेड कमी पडून दोन्ही आकडे निम्मे झाले, तरी उत्तर तेच. वर-खाली सारखाच गुणक, तो कटतो. शाळेतलंच गणित!

सेन्टिनेल-२ चा डेटा फुकट मिळतो. त्यात एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे एकराला साधारण ४०. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजात, इंदापुरात, जिथे कित्येक पोरांची फी उसाच्या बिलातून भरली जाते, तिथे मॅट्रिक्स शिकवताना फळ्यावर हेच आकडे यायला हवेत. लिमिटसुद्धा. कारण ऊस दाट झाला की लाल शून्याकडे जातो, मग इन्फ्रारेड कितीही असो, उत्तर १ च्या आसपासच अडकतं. चांगला ऊस आणि फार चांगला ऊस यातला फरक दिसेनासा होतो. आता सूत्र कसं बदलाल?