हिरड्याच्या सावलीत

पुण्या-मुंबईच्या माणसाला शरद ऋतूची ओळख होते ती कोजागरीच्या आटीव दुधातून. गौरी उठल्या, पितृपंधरवडा सरला, घट बसले, की आपण पाऊस संपल्याचे जाहीर करतो, छत्री माळ्यावर टाकतो आणि दिवाळीच्या खर्चाच्या काळजीला लागतो. पण नेमक्या याच दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम कडेला, जिथे सह्याद्री एकाएकी तुटून कोकणात उतरतो, तिथे दोन-तीन आठवडे निसर्गाचा असा थाट असतो की घरी बसणे हा अपराधच वाटावा. या सदराचे नेहमीचे वाचक जाणतातच की आमच्या सहली गड सर करण्यासाठी नसतात. ताशी एक मैल चालावे, दर फर्लांगाला थांबावे, आणि थांबण्याला निमित्त म्हणून एखादे फूल असावे, एवढाच आमचा पराक्रम. सौभाग्यवतींचे गुडघेही याहून जास्त पराक्रमाला परवानगी देत नाहीत.

पहिला दिवस आम्ही जुन्नरहून घाटघरला जाऊन नाणेघाटाच्या माथ्यावर काढला. सातवाहनांचा शिलालेख आणि तो दगडी रांजण यांविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे, तेव्हा ते सोडून देतो. मला पाहायचे होते ते गवत. जीवधनच्या पायथ्यापर्यंत गुडघाभर गवत वाऱ्यावर लाटा घेत होते, आणि त्यात सोनकीचा पिवळा रंग असा सांडला होता की हळदीचे पोते फुटावे. खाचेखळग्यांतून तेरडा गुलाबी झाला होता. गौरीच्या सणाला मंडईत जुडीने मिळणारा हा तेरडा आपण पाहतो तो मान टाकलेला. इथे तो ताठ उभा होता. त्याच्या फुगलेल्या बोंडाला नुसते बोट लावा, ते फटकन उलगडते आणि बी चार हात दूर उडते. आमच्या सौभाग्यवतींनी हा खेळ किमान अर्धा तास केला. तेरड्याचा रंग तीन दिवस असेल, पण पुढच्या वर्षाची तजवीज तो अशी करून ठेवतो.

जिथे खडकावर मातीचा नुसता पापुद्रा असतो तिथे बसून, म्हणजे अगदी मांडी घालून, पाहिले पाहिजे. तिथे निळी-जांभळी, तांदळाएवढ्या देठाची फुले दाटीने उगवतात. त्यांना 'सीतेची आसवे' म्हणतात. नाव करुण, पण वनस्पती मोठी हिशेबी! त्या पापुद्र्यात नत्र फारसे नसते. म्हणून ही बाई मुळांच्या जागी बारीक फुगे बाळगते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढून घेऊन आपले पोषण करते. शेजारी कवल्याची पिवळी फुले होती. त्यांच्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके असतात. कवल्याची कोवळी पाने पावसाच्या आरंभी भाजीला काढतात, हे मात्र शहरातल्या फूलप्रेमींना कोणी सांगत नाही. ते बिचारे सोनकीत लोळून स्वतःचीच छायाचित्रे काढण्यात गुंतलेले असतात. ते उठून गेल्यावर गाद्यांएवढे चपटे ठसे मागे राहतात.

या माळाला सरकारी कागदांत वर्षानुवर्षे 'पडीक' म्हणत आले. पडीक म्हणजे कोणाच्या कामाचे नाही ते. पण दिवाळीनंतर हेच गवत कापून गंजी रचतात, त्यावर उन्हाळाभर गुरे जगतात. चंडोलासारखे पक्षी जमिनीवर याच गवताच्या आडोशाने अंडी घालतात. कारवीचेही तेच. दर सात वर्षांनी एकदा ती डोंगरभर जांभळी फुलते, तेव्हा तिला पाहायला मोटारींची रीघ लागते. मधली सहा वर्षे तिच्या काठ्या निमूटपणे घराच्या कुडात उभ्या असतात, अंगावर शेणमातीचा लेप घेऊन.

दुसऱ्या दिवशी आंबेगावात शिरलो. मंचर, घोडेगाव आणि मग डिंभे धरणाचा अफाट जलाशय. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते आंबेगाव गाव या पाण्याखाली आहे. तालुक्याचे नाव कायम राहिले, गाव गेले, आणि कचेऱ्या घोडेगावात आहेत. याच पाण्याच्या वरच्या अंगाला मालीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा सुटून गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. त्या बाजूने जाताना गाडीतले कोणी बोलले नाही. डोंगरउतार हिरवा दिसतो म्हणून तो भक्कम असतोच असे नाही.

आहुपे हे कड्यावरचे शेवटचे गाव. खाली मुरबाडचे रान, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. गावातल्या एका महादेव कोळी म्हाताऱ्यांनी आम्हांला देवराई दाखवण्याचे कबूल केले. अट एकच घातली. "पाव्हणं, आत गेल्यावर काय तोडायचं न्हाई, पडल्यालं उचलायचंबी न्हाई." मी विचारले, "वाळलेली काटकीसुद्धा?" "काटकी न्हाई, पान न्हाई. देवाचं हाय."

बाहेर ऊन लख्ख होते. आत पाऊल टाकताच संध्याकाळ झाली. अंजनी, जांभूळ, पिसा यांचे खोड दोघांच्या कवेत न मावणारे, वेली मनगटाहून जाड, आणि पायाखाली कुजल्या पानांची गादी, इतकी ओली की टाच रुतली. पंधरा दिवस पाऊस नव्हता, तरी एका खोडाच्या मुळाशी पाणी झिरपत होते. वर शेंड्यात काहीतरी खसखसले. शेकरू! तांबूस-तपकिरी अंग, शेपटीचे टोक फिकट. बाबांनी फांद्यांत डहाळ्यांचे गोळे दाखवले. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. एक झाड तुटले तर त्याचा रस्ताच तुटतो, कारण जमिनीवर उतरणे त्याला मानवत नाही. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी, आणि त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले. पण देवाने हे अभयारण्य त्याच्या किती आधी जाहीर केले होते, ते कोणत्याच राजपत्रात नाही.

सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केला आणि १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. तोवर शिकल्यासवरल्या लोकांच्या लेखी ही सारी अंधश्रद्धा होती. या अंधश्रद्धेचा पत्ता तुम्ही रोज सकाळी चहात ढवळता. घोड नदीचा उगम आहुप्याच्या या डोंगरांत. तिचे पाणी डिंभ्यात अडते आणि कालव्यांनी खाली उसाला जाते. त्या उसाने आणखी एक गंमत केली आहे, जिची खालच्या गावांना मुळीच गंमत वाटत नाही. जुन्नरचा बिबट्या आता रानात कमी आणि उसात जास्त राहतो, तिथेच पिल्ले घालतो; पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र चालवावे लागते. आमच्या देवराईत बिबट्याचे भय आहे का, असे विचारले तेव्हा बाबा हसले. "त्यो आता बागायतदार झालाय."

देवराईबाहेर, भाताच्या खाचरांच्या बांधावर, हिरडे उभे होते. भात पिवळे पडू लागले होते. दगडाचे बांध घालून उतारावर खाचरे काढण्याला इथे पडकई म्हणतात, आणि ती एकमेकांच्या शेतावर राबून केली जाते. डिंभ्याच्या विस्थापितांत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला अशाच कामांबद्दल २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मी मात्र हिरड्याकडे पाहत होतो. भोवतीच्या खाजगी रानातली कितीतरी झाडे लाकडाच्या व्यापाऱ्यांनी नेली, पण बांधावरचा हिरडा शाबूत. त्याला देवाचे संरक्षण नाही. मग?

"त्यो पैसं देतो," बाबा म्हणाले. चैत्र-वैशाखात घरातले भात संपत आलेले असते, शेतात काम नसते. त्याच वेळी कोवळी फळे झोडून, वाळवून काळा बाळहिरडा तयार होतो. तो विकून पेरणीचे बियाणे येते, मुलांच्या वह्या येतात. आपल्या घरी सहाणेवर बाळाच्या गुटीसाठी जो हिरडा उगाळतात, त्रिफळा चूर्णात जो असतो, तो पुष्कळदा या दोन तालुक्यांतून आलेला असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याचे फार नुकसान झाले; भाताला भरपाई, मग हिरड्याला का नाही, यासाठी इथल्या लोकांना पुढे आंदोलने करावी लागली. बांधावरचे झाड पीक आहे की जंगल, हा त्यातला वाद.

मी विचारले, "भाव पडला तर झाडे राहतील का?"

बाबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. "माझी ऱ्हातील. पोरगा मंचरला असतो. त्याला झाडावर चढता येत न्हाई." मग जरा वेळाने, "चढल्याबिगर झोडता येत न्हाई."

देवराईचेही त्यांना तसेच वाटते का, हे विचारायचे माझ्या ओठांवर होते. पण तेवढ्यात एस.टी. वळणावर दिसली आणि सौभाग्यवती पुढे झाल्या. बाबा घाईने घरात गेले आणि ओंजळभर काळे बाळहिरडे घेऊन आले. भाव चांगला येईल म्हणून उन्हाळ्यातला थोडा माल त्यांनी ठेवून दिला होता. "वैनी, हे माझ्या बांधावरचं. देवाचं न्हाई, खुशाल घ्या." सौभाग्यवतींनी पैसे पुढे केले, बाबांनी हात मागे घेतला. कंडक्टरने घंटी मारली. दोघांचे "घ्या हो" आणि "राहू द्या" बरेच चालले असते. शेवटी तिने पिशवीतला चिवड्याचा डबा त्यांच्या हातात दिला, आणि तो त्यांनी घेतला.