‘पुष्कळ’ झालं!

जुनी पुस्तकं वाचणारी मुलं शब्दांबरोबर वाक्याची ठेवणही उचलतात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३०च्या दशकातली. ती वाचून पाचवीतली माझी भाची परवा पंगतीत म्हणाली, ‘‘मला भात पुष्कळ झाला.’’ आमच्या बेळगावी घरात ‘जेवालोय’, ‘करालोय’ चालतं. भावंडं खो खो हसली. चिडवण्यानं पोरगी पुस्तकच मिटून ठेवील, अशी मला धास्ती वाटली. तिची कन्नड आज्जी मात्र हसली नाही. ‘पुष्कळ’ कन्नडमध्येही आहे की! वाचकहो, घरचं ‘जेवालोय’ मला प्रिय आहे, ते कुठं जात नाही. पुस्तकी शब्द मात्र पहिल्या हसण्यालाच पळतो. भाचीचा अजून टिकून आहे. आता ती आज्जीशी कन्नडात भांडतानाही मध्येच ‘परंतु’ घालते.