लाइट जरा बाजूला घ्या ना!

ताईच्या रिसेप्शनची फिल्म परवा पुन्हा लावली. २०१९ चं लग्न. ताई झक्कास, जिजू झक्कास, पनीर टिक्क्याचा क्लोजअपसुद्धा झक्कास! आणि आजी? ती आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढली आणि कॅमेऱ्यावरचा एलईडी थेट तिच्या डोळ्यांत. बिचारीनं कपाळावर हात आडवा धरला. अख्ख्या फिल्ममध्ये आजी एवढीच, तीही हाताआड. २०२१ मध्ये ती गेली. आता रीटेक नाही.

लग्नं शूट करणाऱ्या एका मित्राला गाठलं. म्हणाला, 'लाइट वाईट नसतो गं, त्याची जागा वाईट असते.' फंडा सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. म्हणून कॅमेऱ्यावरच्या लाइटमध्ये समोरचा माणूस पांढराफट्ट आणि मागचे पाहुणे काळोखात. त्यापेक्षा स्टेजच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या वर, साधारण ४५ अंशांत दोन स्टँड लावायचे. त्यावर सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री. एक लाइट जरा मंद ठेवायचा, म्हणजे चेहरा सपाट दिसत नाही. छत बुटकं आणि पांढरं असेल तर लाइट सरळ वर वळवायचा. उजेड मऊ होऊन खाली उतरतो, कुणाच्या डोळ्यांत जात नाही.

दुसरी भानगड रंगाची. हॉलमधले पिवळे दिवे साधारण ३००० केल्विनचे, दुपारचं ऊन साधारण ५६०० चं. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा केशरी, अर्धा निळा! म्हणून आपला लाइट हॉलच्या दिव्यांशी जुळवायचा आणि मग व्हाइट बॅलन्स सेट करायचा. डेकोरेटरचे ते जांभळे लाइट्स फक्त मागच्या पडद्यावर. चेहऱ्यावर आले तर नवरीचं वांगं झालंच म्हणून समजा.

पॅकेज बुक करताना आपण ड्रोन विचारतो, टीझर विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा, 'लाइट कुठे लावणार?' आणि आजी-आजोबा स्टेजवर आले की तो कमी करायला सांगा. चित्र थोडं दाणेदार आलं तरी चालेल.

चेहरा दिसायला हवा. बस्स.