पडायची मुभा

वर्सोव्याच्या आरामनगरातल्या जुन्या बैठ्या घरांमध्ये आता कास्टिंगची ऑफिसं आहेत. गेल्या आठवड्यात तिथे मैत्रिणीच्या मुलासोबत गेले होते. सोलापूरचा मुलगा, राज्य नाट्य स्पर्धा गाजवून पाच वर्षांपूर्वी मुंबईला आलेला. रात्री कॉल सेंटर, दिवसा ऑडिशन. सॅकमध्ये इस्त्रीचे दोन शर्ट, भूमिका निघेल तसा घालायला. कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची, मग चार ओळी म्हणायच्या. पण तो कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही. दारातल्या मुलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, ‘नॉट फिट.’ त्याने शर्टाची घडी नीट केली आणि पुढच्या घराकडे निघाला.

घराणेशाहीचा विषय निघाला की हमखास ऐकायला मिळतं, डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, मग नटाचा नट झाला तर बिघडलं कुठे? अहो, डॉक्टरच्या मुलाला परीक्षा पास व्हावी लागते! आणि पहिली संधी घरातून मिळाली याचं मला एवढं वाटतही नाही. शोभना समर्थांनी १९५० साली ‘हमारी बेटी’ काढून आपल्या मुलीला, नूतनला, पडद्यावर आणलं. ‘बंदिनी’तली नूतन मात्र तिची तिने घडवली. माझं दुखणं पुढच्या संधींचं आहे. अभिषेक बच्चन २००० साली ‘रेफ्युजी’तून आला. त्यानंतर त्याचे बहुतेक सिनेमे पडत गेले, तरी कामं येत राहिली. २००४ च्या ‘युवा’त तो खरोखर छान आहे. पडत पडत शिकायला मिळालं की माणूस शिकतोच. सोलापूरच्या मुलाला ती मुभा कोण देणार?

‘सैराट’चं तर मला अजून लागतं. २०१६ साली नागराज मंजुळेंनी अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आणि करमाळ्याकडचा आकाश ठोसर यांना घेऊन सिनेमा केला. ट्रॅक्टर हाकत येणारी रिंकूची आर्ची बघायला लोक पुन्हा पुन्हा थिएटरात गेले. तिला त्याआधी कुणी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ती आपल्याच गावची वाटली. दोनच वर्षांत करण जोहरच्या कंपनीने त्याचा हिंदीत ‘धडक’ केला, गोष्ट उदयपूरला नेली आणि भूमिका दिल्या श्रीदेवी-बोनी कपूर यांच्या जान्हवीला आणि नीलिमा अझीम यांच्या ईशानला. त्या मुलांवर राग नाही, त्यांनी मेहनत घेतली असणार. पण कुणाच्या पोटी जन्मलात यावरून तुमची पायरी ठरते, याच्या विरोधात उभी राहिलेली ही गोष्ट. तिच्या वाट्याला हिंदीचा मोठा पडदा आला तेव्हा अकलूज-करमाळ्यासारख्या गावातलं एखादं पोर शोधावं, असं कुणाला वाटू नये?

त्या दिवशी आरामनगरात तिसऱ्या घरातून मैत्रिणीचा मुलगा बाहेर आला तेव्हा हसत होता. काम मिळालं का, विचारलं.

‘नाही मावशी. पण चारही ओळी म्हणू दिल्या.’