ओढ्याचा कॅनॉल करायचा का?

"तुमची मुलगी सिव्हिलला आहे ना? मग तिलाच विचारू की!"

आमच्या सोसायटीच्या मिटींगमध्ये एक काका असं म्हणाले आणि पार्किंगमधल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. विषय होता मागचा ओढा. आम्ही बावधनला राहतो. ओढा तसा छोटाच, पुढे जाऊन रामनदीला मिळतो. त्याच्यावरून रस्ता नेताना खाली दोन पाइप टाकलेत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पाणी पाइपात मावेना आणि थेट आमच्या पार्किंगमध्ये आलं. आमच्या गाड्या भिजल्या, एवढंच. पण वॉचमनकाकांची खोली तळमजल्यावर. त्यांच्या मुलीची दहावीची पुस्तकं पाण्यात गेली. सकाळी काका मला पाइपाच्या तोंडाशी घेऊन गेले. "हे बघा ताई," म्हणाले. पाइपात एक अख्खी गादी अडकली होती.

तर मिटींगमध्ये ठराव असा होता, की ओढा दोन्ही बाजूंनी आणि तळाने काँक्रीटचा करून घ्यावा, "कॅनॉलसारखा एकदम सरळ", आणि तसं पत्र द्यावं. माझे बाबासुद्धा त्याच बाजूचे. मला विचारलं तेव्हा मी काय म्हणाले? "अं... बघून सांगते." तीन वर्षं फी भरून एवढंच उत्तर! म्हणून आज हा लेख. (मी कॉन्व्हेंटची. मराठीत या आधी शेवटचं लिहिलं ते दहावीच्या पेपरात. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

कॅनॉल म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यासमोर येतो तो मुठा कालवा. खडकवासल्याचं दगडी धरण 1879 च्या सुमारास पूर्ण झालं. ते बांधणारे कर्नल फाइफ, म्हणून तलावाला तेव्हा 'लेक फाइफ' म्हणत. त्यातून दोन कालवे काढले. उजवा शंभर किलोमीटरपेक्षा लांब, पर्वतीच्या पायथ्याने हडपसरकडून पुढे दौंडकडे जाणारा. डावा जेमतेम 18 मैलांचा, खडकीच्या बाजूला जाणारा. शहरातला डावा आता कालवा राहिलेला नाही. कर्वेनगर-एरंडवण्यात 'कॅनॉल रोड' हे नाव तेवढं उरलंय. गंमत म्हणजे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना इथे खरंच कॅनॉल होता हे माहीतच नाही!

आता मुद्दा असा, की हे कालवे पुरासाठी नव्हतेच. ते होते दुष्काळासाठी, शेतीसाठी आणि पुणे-खडकीच्या छावण्यांना पाणी देण्यासाठी. कालव्यात किती पाणी सोडायचं हे धरणावरचा माणूस ठरवतो. दरवाजा उचलला तेवढंच पाणी. म्हणून कालव्याचा आकार गणिताने नेमका काढता येतो. ओढ्याला असा दरवाजा कुठे आहे? ओढ्यात किती पाणी येणार हे आभाळ ठरवतं. 4 ऑक्टोबर 2010 ला पाषाण परिसरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि रामनदीने काठच्या लोकांना हे चांगलंच शिकवलं. कालवा आणि ओढा दिसायला सारखे असतील, पण स्वभाव वेगळे. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोटाळा.

आणि गणितानेच वागणाऱ्या कालव्याचंसुद्धा काय होतं? 27 सप्टेंबर 2018 ला, पाऊस नसताना, दांडेकर पुलाजवळ उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि जनता वसाहतीच्या परिसरातल्या शेकडो घरांत पाणी शिरलं. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरली, असं तेव्हा सांगण्यात आलं. खेकड्यांवर खूप विनोद झाले. पण ज्याची निगा राखली नाही ते कोणीही पोखरणारच ना? जवळजवळ एका वर्षाने, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री, आंबील ओढ्याला पूर आला. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. हा ओढा कात्रजकडून येतो, वाटेत कितीतरी ठिकाणी अरुंद केलेला, भिंतींनी बांधलेला. भिंती होत्या, तरी पाणी आत आलंच.

आता थोडं आमच्या अभ्यासातलं. घाबरू नका, एकच सूत्र आहे, मॅनिंगचं. पाण्याचा वेग तळाच्या खडबडीतपणावर अवलंबून असतो. दगड-गवताच्या ओढ्याचा खडबडीतपणा साधारण 0.045 धरा, गुळगुळीत काँक्रीटचा 0.015. उतार आणि खोली तीच ठेवली तर काँक्रीटमध्ये वेग तिप्पट! म्हणजे तेवढंच पाणी एक तृतीयांश रुंदीत बसतं. उरलेली दोन तृतीयांश जागा कोणाला मिळते, हे मी सांगायला हवं का? आणि ते तिप्पट वेगाचं पाणी पुढे रामनदीत जातं, मग पाषाण, मग बाणेर. आपल्या पार्किंगमधला पूर आपण उचलून बाणेरच्या कोणाच्या तरी पार्किंगमध्ये ठेवतो. शिवाय गादी अडकायची ती काँक्रीटमध्येही अडकतेच.

जगात पुरासाठी खास कालवे खणले नाहीत असं नाही. जकार्ता म्हणजे डचांचं बटाव्हिया. तिथे डच इंजिनियर हर्मन व्हान ब्रीन यांच्या योजनेनुसार मांगाराईपासून पश्चिमेला वळवून समुद्राला मिळणारा पूर-कालवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खणला. शहर कालव्याच्या पलीकडे वाढलं आणि कालवा अपुरा पडला. मग पूर्वेला दुसरा खणला. तरी 2020 मध्ये जकार्ता बुडालंच.

आता आपल्या घरचं उदाहरण. सर विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले, 1883 ला इंजिनियर झाले. खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, 1903 मध्ये. 28 सप्टेंबर 1908 ला हैदराबादेत मुसी नदीने हाहाकार केला, तेव्हा निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी शहरात नदीकाठी बांध आणि बागा सुचवल्या खऱ्या, पण मुख्य उपाय सांगितला तो शहराच्या वर पाणी अडवण्याचा. त्यातूनच उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. पाणी लवकर ढकलून देऊ नका, त्याला थांबायला जागा द्या, असा त्याचा अर्थ. दर 15 सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. मग त्यांचं ऐकायला काय हरकत आहे?

रामनदी वीस किलोमीटरही लांब नाही. खाटपेवाडीकडून भूगाव, बावधन, पाषाण करत ती मुळेला मिळते. वाटेतला पाषाण तलाव इंग्रजांच्या काळातला. आज तो गाळ आणि जलपर्णीने भरलेला. पाणी थांबायची एवढी तयार जागा असताना आपण सगळे काँक्रीटच्या मागे का लागलोय?

कोणी म्हणेल, "तू अजून पास तरी हो!" बरोबर आहे. पण पुढच्या मिटींगमध्ये मी सांगणार आहे ते असं. दोन पाइप काढून तिथे रुंद चौकोनी मोरी मागू या. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची जी जागा अजून मोकळी आहे, तिथे भिंत नको, गवत आणि झाडं राहू देत. मे महिन्यात ओढा साफ झाला की नाही हे सोसायटीने स्वतः उतरून बघावं. आणि गादी, सोफा, थर्माकोल ओढ्यात टाकणारे आपल्यातलेच असतात, त्यांना मिटींगमध्येच विचारावं. यातलं मोरीचं काम खर्चाचं आहे, वेळ लागेल. पण एक गोष्ट उद्याही होऊ शकते. पहिल्या मजल्यावरची ऑफिसची खोली वर्षातून चार मिटींगांचे कागद ठेवायला वापरतात. ती वॉचमनकाकांना द्यावी.

बाबांना हा लेख छापायच्या आधी वाचायला दिला. ते म्हणाले, "तिप्पट कसं आलं, ते मांडून दाखव." दाखवलं. दोनदा तपासलं त्यांनी. अजून "हो" म्हणालेले नाहीत, पण पत्रावर सहीही केलेली नाही.